विश्लेषण : न दिसणाऱ्या ग्रहावर ढग आहेत हे कळते कसे?

दिवाळीच्या आसपास, ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात त्या दिवसांत, बीड जिल्ह्यात रात्री नऊ-साडेनऊला सरळ डोक्यावर पाहिले की चार ताऱ्यांचा एक मोठा चौकोन दिसतो. पंचांगातल्या पूर्वा भाद्रपदा आणि उत्तरा भाद्रपदा या नक्षत्रांचे तारे म्हणजे या चौकोनाची पश्चिमेची आणि पूर्वेची बाजू. पश्चिमेकडच्या दोन ताऱ्यांच्या साधारण मध्यावर, चौकोनाच्या किंचित बाहेर, एक अगदी फिकट तारा आहे. बीड, परळी किंवा अंबाजोगाईच्या दिव्यांत तो सापडणार नाही. पण पाटोदा, आष्टी, धारूरच्या डोंगरपट्ट्यातल्या एखाद्या वस्तीवरून, चंद्र नसलेल्या रात्री, नजर चांगली असलेल्याला तो दिसू शकतो. त्याचे नाव ५१ पेगासी. अंतर सुमारे ५० प्रकाशवर्षे. बीडच्या अक्षांशावरून तो जवळजवळ माथ्यावरूनच जातो, जेमतेम दोन अंश उत्तरेला सरकून.

या ताऱ्याभोवती गुरूसारखा एक अवाढव्य वायूचा ग्रह फिरतो. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती सापडलेला हा पहिला परग्रह. त्याचा फोटो आजवर कोणी काढलेला नाही. तरीही त्याच्या वातावरणात पाण्याची वाफ असल्याची खूण २०१७ मध्ये मिळाली, आणि त्याचे तापमान हजार अंश सेल्सिअसच्या आसपास असावे असे शास्त्रज्ञ सांगतात. ग्रह दिसत नसताना त्याची हवा कशी कळते, हा प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र बरेचसे संगणकातल्या मॉडेलमध्ये दडलेले आहे.

फ्लॉरेन्समध्ये १९९५ साली काय घडले?

ऑक्टोबर १९९५ मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स येथे थंड ताऱ्यांच्या अभ्यासकांची परिषद भरली होती. तेथे मिशेल मायोर आणि दिदिए क्वेलोझ यांनी ५१ पेगासीचा ग्रह जाहीर केला. तारा सेकंदाला साधारण ५५ मीटर वेगाने मागेपुढे डोलत होता आणि हे डोलणे दर ४.२ दिवसांनी पुन्हा तसेच होत होते. एवढ्या जवळून, एवढ्या वेगाने फिरणारा गुरूएवढा ग्रह असू शकतो, हे तेव्हा कुणाच्या गणितात बसत नव्हते. या शोधासाठी दोघांना २०१९ चे नोबेल मिळाले.

त्याच परिषदेत आणखी एक घोषणा झाली. तिला नोबेलचे वलय लाभले नाही. पण ग्रहांच्या वातावरणाच्या अभ्यासासाठी ती तितकीच मोलाची ठरली. ग्लीज २२९ या लाल ताऱ्याशेजारी एक मंद ठिपका सापडला होता. ग्रहापेक्षा जड, ताऱ्यापेक्षा हलका असा तपकिरी बटू. शोध लावणाऱ्या गटात होते कॅलटेकचे श्रीनिवास कुलकर्णी. त्यांचा जन्म १९५६ चा, कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडचा. शालेय शिक्षण हुबळीला. ताडाशी नाकाजिमा, बेन ओपनहायमर आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेतून या ठिपक्याचा माग काढला होता. कुलकर्णी यांना २०२४ मध्ये शॉ पारितोषिक मिळाले.

या ठिपक्याचा प्रकाश रंगांमध्ये फोडल्यावर त्यात मिथेन वायूची स्पष्ट खूण दिसली. मिथेन म्हणजे गोबरगॅसमधला मुख्य वायू. ताऱ्याच्या उष्णतेत तो टिकत नाही. तेथे कार्बन हा कार्बन मोनॉक्साइडच्या रूपात असतो. गुरूवर मात्र मिथेन आहे. म्हणजे सूर्यमालेबाहेरची, गुरूसारखी हवा असलेली एक वस्तू पहिल्यांदाच थेट दिसत होती. ५१ पेगासीचा ग्रह ताऱ्याच्या झगमगाटात लपलेला. ग्लीज २२९ बी मात्र ताऱ्यापासून पुरेसा दूर, त्यामुळे त्याचा प्रकाश वेगळा मोजता येत होता. मॉडेल घासून पाहायला यापेक्षा चांगली कसोटी त्या वेळी दुसरी नव्हती.

मॉडेल म्हणजे नेमके काय?

मराठवाड्यात थंडीच्या दिवसांत अंगावर वाकळ घेतात. जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे पदर एकावर एक ठेवून ती शिवलेली असते. ग्रहाचे वातावरण संगणकात असेच पदरांनी मांडले जाते. सर्वात खालचा पदर दाट आणि तापलेला, वरचा विरळ. प्रत्येक पदराला तीन गोष्टी द्यायच्या: दाब, तापमान आणि त्यात कोणकोणते वायू किती प्रमाणात आहेत. मग संगणक प्रत्येक रंगाच्या प्रकाशासाठी विचारतो, की हा किरण या पदरातून पार जाईल, शोषला जाईल की उधळला जाईल?

हे शोषण प्रत्येक रेणूचे वेगळे. पाण्याची वाफ ठरावीक रंग गिळते, मिथेन वेगळे, अमोनिया आणखी वेगळे. यातले बरेचसे रंग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त पट्ट्यात असतात. तापलेल्या वाफेसाठी अशा शोषणरेषांची यादी अब्जावधींच्या घरात जाते. ही यादी बनवणे हे स्वतंत्र शास्त्र आहे आणि त्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. खरे तर यादीत चूक असेल तर पुढचे सगळे गणित वाया जाते.

पहिल्या फेरीत पदरांची तापमाने अंदाजानेच भरलेली असतात. त्यावरून किती ऊर्जा आत येते आणि किती बाहेर जाते याचा हिशेब होतो. जमा-खर्च जुळला नाही की तापमाने थोडी बदलून पुन्हा हिशेब. असे करत करत ताळेबंद जुळतो. तेव्हा त्या ग्रहातून बाहेर पडणारा प्रकाश प्रत्येक रंगात किती असेल हे हाती येते. दुर्बिणीतून आलेला आलेख त्याच्याशेजारी ठेवायचा आणि ताडून पाहायचा.

याची उलटी वाटही आहे. आधी दुर्बिणीचा आलेख घ्यायचा आणि लाखो वेगवेगळ्या वातावरणांची मॉडेल चालवून कोणते त्याच्याशी जुळते ते शोधायचे. २००९ मध्ये भारतीय वंशाचे निक्कू मधुसूदन आणि सारा सीगर यांनी ही पद्धत परग्रहांसाठी मांडली. आज जवळपास प्रत्येक निरीक्षणामागे तीच असते.

मोबाईलवर करून पाहता येईल का?

सगळ्यात साधे मॉडेल खरोखरच मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होते. ५१ पेगासीचा ग्रह त्याच्या ताऱ्यापासून सूर्य-पृथ्वी अंतराच्या साधारण विसाव्या भागावर आहे. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. वीस गुणिले वीस, म्हणजे पृथ्वीच्या ४०० पट प्रकाश. पण तापमान ४०० पट वाढत नाही; ते या आकड्याच्या चौथ्या मुळाने वाढते. कॅल्क्युलेटरवर ४०० टाकून वर्गमुळाचे बटण दोनदा दाबा: ४.४७ येते. पृथ्वीने सूर्याचा सगळा प्रकाश शोषला असता तर तिचे तापमान २७९ केल्विन असते. त्याला ४.४७ ने गुणले की सुमारे १२४७ केल्विन, म्हणजे ९७४ अंश सेल्सिअस.

आता समजा, त्या ग्रहावर पांढरेशुभ्र ढग आहेत आणि ते निम्मा प्रकाश परत फेकतात. मग ४०० ऐवजी २०० टाका. उत्तर येते सुमारे १०४९ केल्विन, म्हणजे ७७६ अंश. फक्त ढग धरल्याने दोनशे अंशांचा फरक पडला. आणि तापमान बदलले की कोणते ढग बनतील तेही बदलते. ढग बदलले की परत फेकला जाणारा प्रकाश बदलतो. कॅल्क्युलेटर येथे थांबतो.

ढग कसले? वाळूचे आणि लोखंडाचेही

ढग म्हटले की पाणी, ही पृथ्वीवरची सवय. गुरूवर दिसणारे पांढरट पट्टे अमोनियाच्या गोठलेल्या कणांचे आहेत. तेथील ढगमाथ्यावर उणे १३० अंशांच्या आसपास थंडी असते. गुरूला ताऱ्याजवळ सरकवत नेले तर काय होईल, हे डेव्हिड सुदार्स्की आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये मॉडेलवर करून पाहिले. थोडा उबदार झाला की अमोनियाची वाफ होऊन जाते आणि त्याच्या जागी पाण्याचे ढग येतात. हे ग्रह सर्वात चकचकीत. आणखी तापला की ढगच राहत नाहीत. पुढे सोडियम आणि पोटॅशियमची वाफ दृश्य प्रकाश गिळते आणि ग्रह काळवंडतो. त्याहून तापला, की वाळू ज्यापासून बनते त्या सिलिकेटचे आणि लोखंडाचे ढग उंचावर तयार होतात.

ही मांडणी देखणी आहे, पण निसर्गाने ती पूर्ण पाळली नाही. एचडी २०९४५८ बी या ग्रहावर हबल दुर्बिणीने सोडियम शोधला. परग्रहाच्या हवेत सापडलेला तो पहिला घटक. २००२ मध्ये तो निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा सोडियमची खूण अपेक्षेपेक्षा फिकट निघाली. ट्रेस-२ बी हा ग्रह आलेल्या प्रकाशाचा एक टक्काही परत फेकत नाही, म्हणजे कोळशाहून काळा. दोन ग्रहांचे तापमान सारखे असले तरी एकावर ढग दाट आणि दुसऱ्यावर विरळ असेही आढळते.

फिकट खुणेची मोठी अडचण आहे. वाफेची खूण कमी दिसली तर त्याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक तर पाणी खरेच कमी आहे, किंवा वर ढगांचा पडदा असल्याने खालचे पाणी दिसत नाही. माजलगाव धरणावर पहाटे धुके असले की काठावरून पाणी किती आहे ते कळत नाही. धरण आटले, असे मात्र कोणी म्हणत नाही. परग्रहांच्या बाबतीत ही चूक होणे फार सोपे आहे. मॉडेलमधले ढग चुकले की पाण्याचा आकडाही चुकतो, आणि पाण्याच्या आकड्यावरूनच तो ग्रह कोठे आणि कसा जन्मला याचे निष्कर्ष काढले जातात.

पुण्याच्या मुलाने दिलेले नाव

या ढगांचा महाराष्ट्राशी आणखी एक धागा आहे. आंतरराष्ट्रीय खगोल संघाच्या शताब्दीनिमित्त २०१९ मध्ये प्रत्येक देशाला एका तारा-ग्रह जोडीला नाव देण्याची संधी मिळाली. भारताच्या वाट्याला एचडी ८६०८१ हा तारा आला. सिंह राशीतील मघा ताऱ्याच्या दक्षिणेला, सेक्स्टन्स या अंधुक तारकासमूहात तो आहे. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ताऱ्याला ‘बिभा’ हे नाव मिळाले, भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधरी यांच्या स्मरणार्थ. ग्रहाला ‘संतमस’ हे नाव सुचवले पुण्यातील १३ वर्षांच्या एका शाळकरी मुलाने. संतमस हा संस्कृत शब्द. अर्थ दाट अंधार, झाकोळ. ग्रहाच्या ढगाळ वातावरणावरून हे नाव.

संतमस २००६ मध्ये सापडला. वजन गुरूच्या किमान दीडपट, आणि ताऱ्याभोवतीची फेरी दोन दिवस आणि साधारण सव्वातीन तासांत पूर्ण. पण तो पृथ्वीवरून पाहताना ताऱ्यासमोरून जाताना दिसलेला नाही. म्हणजे त्याच्या हवेतून गाळून आलेला ताऱ्याचा प्रकाश तपासण्याची सोपी वाट तेथे बंद आहे. त्याचे ढग अजून कोणी पाहिलेले नाहीत. एवढ्या तापलेल्या ग्रहावर झाकोळ असावा, हा मॉडेलचा अंदाज. एका अर्थाने त्या मुलाने ग्रहाला एका भाकिताचे नाव दिले आहे, आणि ते बरोबर की चूक हे ठरायचे आहे.

पावसाच्या अंदाजाशी याचे नाते काय?

पदरांचे मॉडेल वरून खाली जाते. वारे आडवे वाहतात. ताऱ्याच्या अगदी जवळचे ग्रह, चंद्र जशी पृथ्वीला एकच बाजू दाखवतो तशी, ताऱ्याला कायम एकच बाजू दाखवतात असे मानले जाते. एका बाजूला कायमची दुपार, दुसऱ्या बाजूला कायमची रात्र. मग सर्वात तापलेली जागा ताऱ्याच्या बरोबर खाली असायला हवी. अ‍ॅडम शोमन आणि त्रिस्तान गिलो यांनी २००२ मध्ये सांगितले, की तसे होणार नाही. पूर्वेकडे वाहणारे प्रचंड वारे ही जागा पूर्वेला ढकलतील. २००७ मध्ये हेदर नटसन आणि सहकाऱ्यांनी स्पिट्झर दुर्बिणीने एचडी १८९७३३ बी या ग्रहाचा उष्णतेचा नकाशा काढला. सर्वात गरम जागा पूर्वेला सरकलेली होती. भाकीत आधी, निरीक्षण पाच वर्षांनी.

अशी वाऱ्यांची मॉडेल मुळात पृथ्वीच्या हवामानासाठीच लिहिलेली असतात. ब्रिटिश हवामान खात्याचे ‘युनिफाइड मॉडेल’ त्यातलेच एक. एक्झेटर विद्यापीठातील संशोधकांनी ते तापलेल्या गुरूसारख्या ग्रहांसाठी वापरले. त्याच मॉडेलवर आधारलेली प्रणाली नोएडातील राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्रात भारताच्या पावसाचे अंदाज काढते. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेची ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ २०२५ मध्ये सुरू झाली. ती देशाचे सहा किलोमीटरचे चौकोन पाडून हिशेब करते. पाटोद्यात पाऊस आणि शिरूर कासारला कोरडे, असा अनुभव असणाऱ्या जिल्ह्याला चौकोन लहान होण्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पृथ्वीवरही या मॉडेलची दुखरी नस ढग हीच आहे. ढगाचा कण मिलिमीटरहून लहान आणि मॉडेलचा चौकोन काही किलोमीटरचा. मधली जागा ठोकताळ्याने भरावी लागते. परग्रहांवर हा ठोकताळा आणखी ढोबळ असतो.

मॉडेल आणि निरीक्षण जुळत नाही तेव्हा

पहिले उदाहरण वास्प-३९ बी या ग्रहाचे. वजनाने शनीच्या जवळपास, अंतर सुमारे ७०० प्रकाशवर्षे. जेम्स वेब दुर्बिणीने २०२२ मध्ये त्याच्या हवेतून गाळून आलेला प्रकाश तपासला. कार्बन डायऑक्साइड ठळकपणे दिसला, तो अपेक्षित होता. पण ४.०५ मायक्रोमीटरजवळ आलेखाला एक लहानसा उंचवटा होता आणि तो कोणत्याच नेहमीच्या मॉडेलमध्ये नव्हता. शोध घेता घेता तो सल्फर डायऑक्साइडचा निघाला. साखर कारखान्यात उसाचा रस स्वच्छ करायला गंधक जाळून जो वायू सोडतात, तोच. नेहमीच्या मॉडेलमध्ये तो नव्हता, कारण त्यांत फक्त उष्णतेची रसायनक्रिया धरली होती. शांग-मिन त्साई आणि सहकाऱ्यांनी ताऱ्याच्या अतिनील किरणांनी घडणाऱ्या क्रिया मॉडेलमध्ये घातल्या आणि उंचवटा जागेवर आला. पृथ्वीवर ओझोन बनतो तो अशाच क्रियांनी. परग्रहावर त्यांचा हा पहिला पुरावा.

दुसरे उदाहरण थेट कुलकर्णी यांच्या गटाच्या ग्लीज २२९ बीचे. त्याच्यासाठी १९९६ मध्ये मार्क मार्ली आणि सहकाऱ्यांनी मॉडेल तयार केले. तापमान निघाले सुमारे साडेनऊशे केल्विन. गंमत म्हणजे या मॉडेलचे मूळ गणित ख्रिस मॅके यांच्या गटाने १९८९ मध्ये शनीचा चंद्र टायटन याच्या हवेसाठी मांडले होते. पुढे ताऱ्याच्या डोलण्यावरून या वस्तूचे वजन काढण्यात आले. ते गुरूच्या सुमारे ७१ पट भरले, आणि घोळ झाला. एवढी जड वस्तू इतकी मंद आणि इतकी थंड असायला नको होती. एक तर थंड होण्याचे मॉडेल चुकलेले, किंवा वजन.

निकाल लागला ऑक्टोबर २०२४ मध्ये. जेरी शुआन आणि सहकाऱ्यांनी चिलीतील मोठ्या दुर्बिणींनी बारकाईने पाहिले तेव्हा तेथे एक नव्हे, दोन वस्तू निघाल्या. एक गुरूच्या ३८ पट, दुसरी ३४ पट, आणि दोघी एकमेकींभोवती सुमारे १२ दिवसांत फिरणाऱ्या. वजन बरोबर होते, मॉडेलही बरोबर होते. चूक होती ती एकच वस्तू धरण्यात. तब्बल २९ वर्षे ती कोणाच्या लक्षात आली नव्हती. मृग नक्षत्राच्या खाली, शशक तारकासमूहात, ही जोडी आहे.

हे येथून कोणाला करता येईल?

टायटनपासून सुरू झालेले ते गणित आज ‘पिकासो’ नावाच्या संगणक प्रणालीत आले आहे. नासातील नताशा बटाला यांनी २०१९ मध्ये ती पायथॉन भाषेत खुली केली. तापमानाचा ताळेबंद जुळवणारा भाग २०२३ मध्ये साग्निक मुखर्जी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. ती मोफत उतरवता येते आणि तिची साधी गणिते साध्या लॅपटॉपवरही चालतात. वास्प-३९ बीची वेब दुर्बिणीची मापेही सर्वांसाठी खुली आहेत. भौतिकशास्त्र आणि थोडे पायथॉन येणाऱ्या बीड किंवा अंबाजोगाईच्या एखाद्या पदवी विद्यार्थ्याला ४.०५ मायक्रोमीटरचा तो उंचवटा स्वतः काढून पाहायला दुर्बीण लागत नाही. मार्गदर्शक मिळणे हीच त्यातली खरी अडचण.

काम मात्र संपणारे नाही. ज्ञात परग्रहांची संख्या सहा हजारांवर गेल्याचे नासाने १७ सप्टेंबर २०२५ रोजी जाहीर केले. योगायोग असा, की त्याच मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी बीडहून अहिल्यानगरकडे पहिली रेल्वे धावली. या सहा हजारांपैकी ज्यांच्या हवेचा प्रकाश तपासला गेला ते अजून थोडेच आहेत, आणि तेही बहुतेक तापलेले. आपल्या गुरूसारखा थंड आणि ताऱ्यापासून दूर असलेला ग्रह ताऱ्याच्या परावर्तित प्रकाशात पाहणे ही पुढची पायरी. सूर्याच्या तुलनेत गुरूचा परावर्तित प्रकाश साधारण एक अब्जांश असतो. नासाची नॅन्सी ग्रेस रोमन दुर्बीण मे २०२७ पर्यंत अवकाशात सोडण्याचे नियोजन आहे. ताऱ्याचा झगमगाट झाकणारे एक प्रायोगिक उपकरण तिच्यावर आहे.

तेथे आणखी एक अडचण वाट पाहते. पृथ्वीवरून गुरू कायम जवळजवळ पूर्ण उजळलेलाच दिसतो. परग्रह मात्र चंद्रासारखा कोरीने, अर्धा, तिरपा उजळलेला दिसेल, आणि ढगांवरून तिरपा परतणारा प्रकाश वेगळा असतो. असा अर्धवट उजळलेला गुरू पृथ्वीवरून कधीच दिसत नाही. म्हणून मॉडेल करणारे आता कॅसिनी यानाने २००० सालाच्या अखेरीस, शनीकडे जाताना वाटेत टिपलेली गुरूची जुनी छायाचित्रे पुन्हा मोजत आहेत.